आउफलासुंग : 'दार उघडं ठेवणं' की 'हक्क सोडणं'? जर्मन जमीन-कायद्यातल्या एका शब्दाचं मूळ

शब्दवेध (धागाकर्ता)

जर्मनीत घर, फ्लॅट किंवा जमीन घेताना नोटारकडून (दस्त करून तो प्रमाणित करणारा कायदेतज्ज्ञ) जो मसुदा येतो, त्यात 'आउफलासुंग' हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. कधी स्वतंत्र कलमाचं शीर्षक म्हणून, कधी 'आउफलासुंग्सफोरमेर्कुंग' अशा लांबलचक जोडशब्दात. रोजच्या जर्मनमध्ये 'दी ट्यूर आउफलासेन' म्हणजे दार उघडं ठेवणं. त्यामुळे वर्गात, पुस्तिकांत, घरखरेदीच्या माहितीपत्रकांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते: मध्ययुगात घर विकणारा बाहेर पडताना दार उघडं ठेवायचा आणि घेणारा आत शिरायचा, म्हणून 'आउफलासुंग'.

गोष्ट लक्षात राहते, पण मला ती पटत नाही. जर्मन नागरी संहितेच्या (बेगेबे) कलम ९२५ मध्ये या शब्दाची व्याख्या 'देणारा आणि घेणारा यांची सहमती' अशी आहे. शब्द तिथे कंसात येतो, म्हणजे कायदा आधी अर्थ सांगतो आणि मग जुनं नाव त्याला चिकटवतो. उघड्या दाराचा सहमतीशी काय संबंध? आणि दोघांच्या सहमतीला 'लासेन', म्हणजे सोडणं, हे एकाच बाजूचं क्रियापद कसं?

जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं: शब्द कुठून आला, तो आजच्या कायद्यात कसा टिकला, आणि प्रत्यक्ष व्यवहारात तो नेमका कुठे अडतो.

करारनामा

आधी आजचा कायदा स्पष्ट करून घेऊ, नाहीतर इतिहास हवेत राहील.

जर्मनीत जमिनीची मालकी बदलायला तीन वेगळ्या कृती लागतात आणि कायदा त्या कटाक्षाने वेगळ्या ठेवतो. पहिली, खरेदीचा करार. कलम ३११ब नुसार तो नोटारसमोरच व्हावा लागतो. (२००२ च्या सुधारणेपूर्वी हेच कलम ३१३ होतं, जुन्या पुस्तकांत तोच आकडा दिसेल.) या कराराने फक्त देणं-घेणं ठरतं: विकणाऱ्याने मालकी द्यायची, घेणाऱ्याने पैसे द्यायचे. मालकी जागची हलत नाही. दुसरी, आउफलासुंग: 'मालकी याच्याकडून त्याच्याकडे जात आहे यावर आम्ही सहमत आहोत' असं दोघांनी एकाच वेळी हजर राहून अधिकृत स्थानासमोर, व्यवहारात म्हणजे नोटारसमोर, जाहीर करणं. तिसरी, ग्रुंडबूख या जमीन-नोंदवहीत नवीन नाव चढणं. दुसरी आणि तिसरी मिळून कलम ८७३ पूर्ण होतं आणि त्या क्षणी मालकी बदलते.

आपल्याकडच्या सवयीने वाचणाऱ्याची इथेच गफलत होते. आपलं नोंदणीकृत खरेदीखत स्वतःच मालकी देतं. जर्मन 'काउफफेरट्राग'चं भाषांतर अनेक जण 'खरेदीखत' करतात, पण परिणामाने तो आपल्या साठेखताच्या जवळ आहे. खरेदीखताचं काम तिथे आउफलासुंग आणि नोंद मिळून करतात.

मोडीवाचक

दार उघडं ठेवण्याच्या गोष्टीविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा लॅटिनचा आहे. मध्ययुगीन जर्मन शहरांतल्या लेखनिकांनी हे व्यवहार आधी लॅटिनमध्ये लिहिले. तिथे या कृतीसाठी 'रेसिग्नारे' आणि 'रेसिग्नात्सिओ' हे शब्द येतात. अर्थ: परत करणं, हातातून सोडणं, पद किंवा हक्काचा त्याग करणं. 'उघडणं' या अर्थाचं 'आपेरीरे' तिथे नाही. उत्तर जर्मनीच्या बोलीत हाच शब्द 'उपलातेन' असा होता. 'उप' म्हणजे वर, 'लातेन' म्हणजे सोडणं.

'आउफ' चे जर्मनमध्ये दोन धागे आहेत. एक 'उघडं', 'आउफमाखेन' मधला. दुसरा 'सोडून देणं, संपवणं', 'आउफगेबेन' मधला. दार उघडं ठेवण्यात पहिला आहे, कायद्याच्या शब्दात दुसरा. हा दुसरा अर्थ मेलेला नाही. बंद पडलेल्या खाणीला किंवा कारखान्याला आजही 'आउफगेलासेन' म्हणतात, ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीत तर सर्रास. त्यात उघडं काहीच नसतं. कुलूप लागलेलं असतं. सोडून दिलेलं, एवढाच अर्थ.

ग्रामलेखक

मोडीवाचक यांच्याशी सहमत. फक्त 'वर' का, ते सांगायला हवं, कारण तिथे या शब्दाचं मर्म आहे.

मध्ययुगात बरीच जमीन 'लेहेन' म्हणून धरलेली असायची, म्हणजे वरच्या सरदाराकडून सेवेच्या बदल्यात मिळालेली. ती थेट दुसऱ्याला विकता येत नसे. धारक ती आधी सरदाराच्या हाती परत 'वर' सोपवायचा आणि सरदार ती नव्या माणसाला द्यायचा. ऑस्ट्रियाच्या कायद्यात यासाठी आजही वेगळा शब्द आहे: 'आउफझांडुंग'. तो 'वर पाठवणं' या क्रियापदातून आला आणि मुळात धारक जे पत्र सरदाराकडे 'वर' धाडायचा त्याचं ते नाव. आज ऑस्ट्रियात आउफझांडुंग म्हणजे नोंदवहीत नवीन मालकाचं नाव चढवायला नोंदलेल्या मालकाने दिलेली स्पष्ट संमती, आणि ती एकतर्फी असते. शेजारच्या दोन देशांत एकाच कामाला एक 'वर सोडणं' आणि दुसरा 'वर पाठवणं' म्हणतो, हे मला दाराच्या गोष्टीवरचं निर्णायक उत्तर वाटतं. दोन्हीकडे 'आउफ' ची दिशा सरदाराच्या हाताकडे आहे.

स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक कॅंटनांत याच कामाला 'फेर्टिगुंग' म्हणायची प्रथा होती, म्हणजे काम तडीस नेणं. तो वेगळाच धागा आहे.

शब्दवेध

पण सगळीच जमीन लेहेन नव्हती ना? स्वतःच्या मालकीची जमीन असलेला शेतकरी किंवा शहरातला घरमालक काय करायचा?

ग्रामलेखक

बरोबर, म्हणून आणखी मागे जावं लागतं.

जुन्या जर्मानिक रूढीत हस्तांतराचे दोन भाग होते. एक 'साला', म्हणजे देण्याचा करार. दुसरा ताबा, 'गेवेरे' किंवा लॅटिनमध्ये 'इन्व्हेस्टिटुरा'. इथे ताबा म्हणजे फक्त प्रत्यक्ष कब्जा नव्हे. ती जमिनीवरची समाजाने मान्य केलेली सत्ता होती, आणि सत्ता देणं म्हणजे आधी स्वतःची सोडणं. हे सोडणं जाहीर आणि डोळ्यांना दिसेल असं करायचे: मातीचं ढेकूळ, गवताचा तुकडा, झाडाची फांदी, हातमोजा घेणाऱ्याच्या हाती द्यायचा. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे गवताची काडी, लॅटिनमध्ये 'फेस्टुका'. ती फेकली की हक्क सुटला. त्या कृतीला 'एक्सफेस्टुकात्सिओ' असं नावच होतं. सहाव्या शतकातल्या, फ्रँक या जर्मानिक लोकांच्या सालिक कायद्यात संपत्ती दुसऱ्याला देताना त्याच्या मांडीवर काडी टाकण्याचा विधी आहे. याच कुळातलं, 'फेकणं' या अर्थाचं जर्मानिक क्रियापद फ्रेंचमध्ये 'देगेर्पीर' म्हणून शिल्लक राहिलं, आणि त्याचा आजचा अर्थ जागा सोडून निघून जाणं.

पुढे खाजगीत काडी टाकणं पुरेनासं झालं. आइके फॉन रेपगो याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या 'साक्सेनश्पीगेल' या सॅक्सन कायदेग्रंथात नियम आहे की वारसांच्या संमतीशिवाय आणि 'एश्टे डिंग', म्हणजे नेमल्या वेळी भरणाऱ्या पूर्ण न्यायसभेशिवाय, कोणीही आपली जमीन देऊ शकत नाही. म्हणजे सोडणं सभेसमोर आलं. 'दोघांनी एकाच वेळी अधिकृत स्थानासमोर' या आजच्या अटीचा पूर्वज इथे आहे.

नोंदवही

शहरांनी त्यात वहीची भर घातली, आणि तिथून आजच्या ग्रुंडबूखकडे सरळ रस्ता आहे.

कोलोनमध्ये सेंट मार्टिन परगण्यात साधारण ११३० च्या दशकापासून घरांचे व्यवहार चर्मपत्राच्या मोठ्या पानांवर लिहायला लागले. ती पाने पेटीत ठेवत. पेटीला जर्मनमध्ये 'श्राइन', म्हणून त्यांना 'श्राइन्सकार्टेन' म्हणतात. नंतर पानांची पुस्तकं झाली आणि ही पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राजवट येईपर्यंत चालू होती. हा सगळा ठेवा कोलोनच्या शहर अभिलेखागाराचा. त्याची इमारत ३ मार्च २००९ रोजी कोसळली होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

हॅम्बुर्गची वही १२४८ पासून सुरू होते. ल्युबेकची टिकून राहिलेली मालिका १२८४ पासून आहे. या हान्झा (व्यापारी शहरांचा संघ) शहरांत पद्धत अशी: विकणारा आणि घेणारा नगरपरिषदेसमोर जातात, विकणारा घर 'उपलात' करतो, लेखनिक ते वहीत लिहितो. सुरुवातीला वही फक्त आठवणीसाठी होती, कारण साक्षीदार मरतात. हळूहळू वहीत नोंद असणं हेच हक्काचं मूळ मानलं गेलं. काडीची जागा शाईने घेतली, पण क्रियापद तेच राहिलं.

मोडीवाचक

इथे एक खरीखुरी मराठी जोड आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुंबई इलाख्यात रयतवारी जमीन दुसऱ्याला देताना जुना खातेदार मामलेदाराकडे 'राजीनामा' द्यायचा आणि नवा खातेदार 'कबुलायत' लिहून द्यायचा. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या काळातल्या दाव्यांत 'राजीनामा-कबुलायत' ही जोडी सतत येते. रचना बघा: जमीन आधी वर, सरकारच्या हाती सोडायची, आणि तिथून नव्या माणसाने सारा भरण्याच्या कबुलीसह घ्यायची. लेहेनच्या आउफलासुंगचा हाच सांगाडा. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं मी म्हणत नाही. जमीन वरून मिळालेली मानली की ती द्यायचा रस्ताही वरूनच जातो.

शब्दांचा प्रवास तर उलटासुलटा आहे. 'राजीनामा' मूळ फारसी: राजी असल्याचा, संमतीचा लेख. तो आपल्याकडे 'सोडणं' या अर्थाला आला, आणि आज तर पद सोडणं एवढाच अर्थ उरला. 'आउफलासुंग' मुळात सोडणं, आणि जर्मन कायद्यात तो 'संमती' या अर्थाला आला. शब्दवेध यांनी विचारलं होतं की एकतर्फी क्रियापद दोघांच्या सहमतीचं नाव कसं झालं. मराठी माणसाला हे अवघड वाटू नये, आपण तोच रस्ता उलट्या दिशेने चालून आलो आहोत.

पाणिग्रहण

काडी टाकण्यावरून 'उदक सोडणं' आठवलं. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत जमीन दान देताना 'उदकातिसर्गेण' असं येतं, हातावरून पाणी सोडून. आपण आजही गेलेल्या पैशांवर 'पाणी सोडतो' आणि हक्कावर 'तुळशीपत्र ठेवतो'. 'हक्कसोडपत्र' हा तर नोंदणी कार्यालयातला चालू शब्द. मग आउफलासुंगचं भाषांतर 'हक्कसोड' का करू नये?

करारनामा

मूळ अर्थ म्हणून चालेल, आजचा अर्थ म्हणून नाही. हक्कसोडपत्रात सहहिस्सेदार आपला हिस्सा सोडतो. आउफलासुंगमध्ये घेणाऱ्याचं बोलणं तितकंच आवश्यक आहे. तो गप्प राहिला तर आउफलासुंग झालीच नाही.

हा बदल कधी झाला, त्याची पायरी सापडते. रोमन कायद्याचा प्रभाव वाढला तेव्हा बऱ्याच जर्मन प्रदेशांत आउफलासुंग मागे पडली, कारण रोमन पद्धतीत करार आणि ताबा पुरेसा होता. प्रशिया या जर्मन राज्याच्या १७९४ च्या संहितेतही मालकी ताबा दिल्याने जायची. नोंदवही होती, १७८३ चा प्रशियन हिपोथेक कायदा त्यासाठीच होता, पण तिचा भर गहाणावर होता: सावकाराला कर्ज देताना बोजा कळावा. परिणाम असा की वहीत एक मालक आणि जमिनीवर दुसरा. हान्झा शहरांनी मात्र जुना विधी सोडला नाही.

मग ५ मे १८७२ च्या प्रशियन कायद्याने जुना शब्द परत आणला. त्यात आउफलासुंग म्हणजे नोंदवही-कार्यालयासमोर, तोंडी आणि एकाच वेळी केलेली दोन विधानं: नोंदलेला मालक म्हणतो 'नव्या माणसाची नोंद करायला माझी मंजुरी', आणि घेणारा म्हणतो 'ही नोंद करा अशी माझी मागणी'. अजूनही दोन वेगळी वाक्यं आहेत, एक सोडणाऱ्याचं आणि एक मागणाऱ्याचं. राजीनामा आणि कबुलायतच म्हणा.

१ जानेवारी १९०० ला बेगेबे लागू झाला तेव्हा या दोन वाक्यांचं एक झालं: सहमती, 'आइनिगुंग'. यामागे साविन्यी (१७७९–१८६१) या कायदेपंडिताची शिकवण होती की मालकी देणं हा स्वतःच एक करार आहे, आणि तो विक्रीच्या करारापासून अलग आहे. शब्द काडीच्या काळातला आणि आशय एकोणिसाव्या शतकातल्या विद्यापीठातला, अशी ही जोडणी आहे.

नोंदवही

एक पुरवणी. १९०० च्या मूळ मजकुरात आउफलासुंग नोंदवही-कार्यालयासमोर करायची होती. नोटारकडे ती पुढे सरकली, आणि १९६९ च्या प्रमाणीकरण कायद्याने (लागू १ जानेवारी १९७०) हे काम नोटारकडे एकवटलं. पूर्व जर्मनीत १ जानेवारी १९७६ पासून स्वतःची नागरी संहिता होती. तिथे वेगळी आउफलासुंग नव्हती, प्रमाणित करार, सरकारी मंजुरी आणि नोंद पुरे होती. ३ ऑक्टोबर १९९० ला बेगेबे परत आला आणि त्याबरोबर हा शब्दही.

दुभाषी

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. 'विकणारा समोर बसून मालकी माझी झाली असं म्हणाला, मग पैसे देण्याआधीच घर माझं झालं का?' हा नेहमीचा प्रश्न. आणि उलट बाजूने: 'पैसे मिळण्याआधी मी ते का म्हणू?' याचं नेमकं उत्तर द्याल का?

करारनामा

देतो. इथेच कलम ९२५ चा दुसरा परिच्छेद आडवा येतो: अट किंवा मुदत घालून केलेली आउफलासुंग रद्दबातल. 'किंमत मिळाली तर मालकी जाईल' असं आउफलासुंगमध्ये लिहिताच येत नाही. कारण साधं आहे. नोंदवहीतला मालक कोण, हे नोंदवहीबाहेरच्या घटनेवर अवलंबून राहू नये.

मग विकणाऱ्याला संरक्षण कसं द्यायचं? नोटार दोनपैकी एक मार्ग घेतात. पहिला: आउफलासुंग करारातच करून टाकायची, पण किंमत मिळाल्याचं कळेपर्यंत नोटारने ती नोंदवही-कार्यालयात पाठवायची नाही आणि घेणाऱ्याला जी प्रत द्यायची त्यातून आउफलासुंगचा परिच्छेद गाळायचा. दुसरा: आउफलासुंग करायची, पण नोंद करण्याची मंजुरी त्यात मुद्दाम द्यायची नाही. पैसे पोचल्यावर नोटार विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच्या सही-शिक्क्याने ती मंजुरी वेगळी लिहितो. दुसऱ्या मार्गात चुकून प्रत बाहेर गेली तरी धोका नाही. मला तोच अधिक भक्कम वाटतो.

घेणाऱ्याचं संरक्षण म्हणजे आउफलासुंग्सफोरमेर्कुंग, कलम ८८३. करार झाल्यावर लगेच नोंदवहीच्या दुसऱ्या भागात ही आगाऊ नोंद होते. त्यानंतर विकणाऱ्याने तेच घर दुसऱ्याला विकलं, किंवा त्याच्या धनकोने जप्ती आणली, तर ते घेणाऱ्यापुढे निष्प्रभ ठरतं. ही नोंद लागल्याशिवाय किंमत देय होत नाही असंच मसुद्यात असतं. नसेल तर सही करण्याआधी विचारा.

दुभाषी

क्रम एकदा सलग लिहा ना.

करारनामा

नोटार नोंदवहीचा उतारा पाहतो. तिचे भाग असे: सुरुवातीला भूखंडाचं वर्णन, पहिल्या भागात मालक, दुसऱ्यात वाट-वहिवाट, आगाऊ नोंदी असे बोजे, तिसऱ्यात गहाण. विकणारा बांधकाम कंपनीसारखा व्यावसायिक आणि घेणारा साधा ग्राहक असेल तर मसुदा साधारण दोन आठवडे आधी हातात यायला हवा. ठरल्या दिवशी नोटार पूर्ण दस्त मोठ्याने वाचतो, दोघे सह्या करतात, त्यातच आउफलासुंग होते. जर्मन पुरेशी येत नसेल तर तोंडी भाषांतर बंधनकारक आहे. ते सांगायला संकोच करू नये, नाहीतर दस्तच कमकुवत होतो. मग फोरमेर्कुंगची नोंद. नंतर नोटार गावाकडून पूर्वखरेदीचा (इतरांआधी स्वतः विकत घेण्याचा) हक्क वापरणार नसल्याचा दाखला मागवतो. फ्लॅटला तो लागत नाही, कारण तिथे गावाला असा हक्कच नाही. बँकेचं ग्रुंडशुल्ड, म्हणजे कर्जाच्या तारणाचं गहाण, तिसऱ्या भागात चढतं. नोटार 'आता किंमत देय' असं पत्र पाठवतो, घेणारा पैसे देतो, विकणारा मिळाल्याचं कळवतो. करखात्यात मालमत्ता-संपादन कर भरायचा. तो राज्यागणिक वेगळा, बायर्नमध्ये ३.५ टक्के, नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये ६.५ टक्के. कर भरल्यावर 'उनबेडेंकलिशकाइट्सबेशाइनिगुंग', म्हणजे हरकत नसल्याचा दाखला येतो. तो नसेल तर नोंदवही-कार्यालय हात लावत नाही. शेवटी पहिल्या भागात नाव चढतं आणि फोरमेर्कुंग काढली जाते.

बाकी कोणत्याही नोंदीला साधारणपणे ज्याचा हक्क कमी होतो त्याची मंजुरी दाखवली की पुरते. मालकी बदलताना मात्र कार्यालयाला दोघांची सहमती पुराव्यासह दाखवावी लागते. आउफलासुंगचं वजन त्या नियमातही दिसतं.

नोंदवही

काय बिघडतं, तेही लिहायला हवं. वारंवार दिसणाऱ्या चुका:

अट. घटस्फोटाच्या समझोत्यात 'घटस्फोट मंजूर झाल्यास घर पत्नीच्या नावे' असं लिहून आउफलासुंग केली तर ती पूर्ण रद्द. मुदतीत मागे घेता येईल अशा न्यायालयीन तडजोडीतलीही तशीच. उपाय: अट मूळ करारात घाला, आउफलासुंग बिनशर्त ठेवा आणि नोटारने ती कधी पाठवायची एवढंच बांधून घ्या.

दोन घेणारे. पती-पत्नी मिळून घेत असतील तर प्रत्येकाचा हिस्सा (उदाहरणार्थ निम्मा-निम्मा) किंवा सामाईक मालकीचा प्रकार लिहावाच लागतो. राहिला तर कार्यालय त्रुटीचं पत्र पाठवतं आणि आठवडे जातात.

चुकीचा भूखंड क्रमांक. दोघांच्या मनात एकच भूखंड होता पण दस्तात शेजारचा क्रमांक पडला, तर आउफलासुंग मनातल्या भूखंडाची धरली जाते. तरीही नोंद होत नाही, कारण कार्यालयापुढे कागद हवा. नोटारसमोर दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. मोठ्या भूखंडाचा तुकडा घेत असाल तर आधी मोजणी, नवा क्रमांक, आणि मग त्या क्रमांकाने आउफलासुंग.

नको तिथे आउफलासुंग. वारसाला ती लागत नाही, मालकी मृत्यूबरोबर आपोआप जाते आणि वही फक्त दुरुस्त होते. पण मृत्युपत्राने एखाद्याला ठरावीक घर द्यायचं सांगितलं असेल, किंवा वारस आपसांत वाटणी करत असतील, तर लागते. सक्तीच्या लिलावात न्यायालयाच्या निर्णयानेच मालकी मिळते, तिथेही नाही.

हिमरू

विकणारा ऐनवेळी आउफलासुंग द्यायला नकार देत असेल तर?

करारनामा

दावा लावायचा. निकाल अंतिम झाला की तो विकणाऱ्याच्या वाक्याची जागा घेतो. पण फक्त त्याच्याच. घेणाऱ्याने तो अंतिम निकाल घेऊन नोटारकडे जायचं आणि आपलं अर्धं स्वतः बोलायचं. 'एकाच वेळी हजेरी' ही अट निकालाचा कागद समोर असल्याने पुरी होते. निकाल अंतिम होण्याआधीच नोटारकडे गेलात तर मात्र ती हजेरी व्यर्थ. दोन अर्धवट वाक्यं मिळून एक सहमती होते, हे इथे सगळ्यांत स्वच्छ दिसतं.

हिमरू

आणि एक पक्ष पुण्यात किंवा मुंबईत असेल तर? प्रत्यक्ष यावंच लागतं का?

नोंदवही

नाही. 'एकाच वेळी हजर' म्हणजे प्रतिनिधीमार्फतही चालतं. वर-वधूने स्वतःच बोलावं लागतं तशी लग्नासारखी अट इथे नाही. कुलमुखत्यारपत्रावरची सही प्रमाणित हवी. साध्या कागदावरचं, स्कॅन करून पाठवलेलं पत्र नोंदवही-कार्यालय स्वीकारत नाही. भारतातून सर्वांत सुरळीत मार्ग म्हणजे जर्मन दूतावास किंवा मुंबईतल्या जर्मन महावाणिज्य दूतावासात सही प्रमाणित करून घेणं. त्यासाठी वेळ आधी घ्यावी लागते आणि पासपोर्ट न्यावा. जर्मन वाणिज्य अधिकाऱ्याला आउफलासुंग स्वतः ऐकून घेण्याचाही कायदेशीर अधिकार आहे.

परदेशी नोटारसमोर केलेली आउफलासुंग मात्र चालत नाही. जर्मन सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० च्या निर्णयात हे पक्कं केलं. ते प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या नोटारचं होतं. स्विस नोटार चालत नाही तिथे आपल्या नोटरीचा प्रश्नच येत नाही.

शब्दवेध

भाषांतरासाठी मग शेवटी शब्द कोणता वापरावा? 'हक्कसोड' बाद झाला. 'हस्तांतर' फार ढोबळ, कारण त्यात नोंदही येते. 'ताबा' तर चूकच, चावी मिळण्याचा दिवस करारात वेगळा असतो.

मोडीवाचक

मी 'मालकी-हस्तांतराची सहमती' असं लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला 'आउफलासुंग' हा मूळ शब्द सोबत ठेवीन. फोरमेर्कुंगला 'मालकी-हस्तांतराच्या हक्काची आगाऊ नोंद'. दस्तातलं मुख्य वाक्य असं येईल: 'वर वर्णन केलेल्या भूखंडाची मालकी देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जात आहे, यावर दोन्ही पक्ष सहमत आहेत.' यात 'जाईल' लिहू नका. भविष्यकाळ आला की वाचणाऱ्याला अट असल्याचा भास होतो, आणि अट तर तिथे चालतच नाही.

करारनामा

'जात आहे' बरोबर. 'देणारा-घेणारा' हेही ठेवा, 'विक्रेता-खरेदीदार' नको. कलम ९२५ चे शब्दही तसेच आहेत, कारण बक्षीस दिलेल्या घरालाही हीच सहमती लागते.